तोंड कुठे, शेपूट कुठे?

दिवाळीत आपण आकाशकंदील लावतो तो एका जागी. वाऱ्याने थोडा हेलकावला तर फार झाले. त्याने शोभावे आणि घर कुठले ते दुरून कळावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. परंतु दिवाच जेव्हा उडू लागतो, तेव्हा त्याच्यावर निराळी जबाबदारी येऊन पडते. वांद्र्याच्या एखाद्या उंच गच्चीवर तिन्हीसांजेला उभे राहिले, म्हणजे सांताक्रूझच्या विमानतळावरून चढणारी-उतरणारी विमाने दिसतात. नीट निरखले तर डाव्या पंखाच्या टोकाला तांबडा, उजव्याला हिरवा आणि शेपटीला पांढरा दिवा आढळतो. वैमानिकाला वाट दाखवणे हे या दिव्यांचे काम नव्हे. ते पाहणाऱ्यासाठी असतात. तांबडा आपल्या उजव्या हाताला आणि हिरवा डाव्या हाताला दिसला, की समजावे, विमान आपल्याच रोखाने येत आहे.

ही रीत विमानांनी बोटींपासून उचलली. इंग्लंडच्या नौदल खात्याने १८४८ साली आगबोटींना असे रंगीत दिवे लावण्याचा नियम केला. अंधारात दोन आगबोटींची टक्कर होऊ नये, हा त्यातला हेतू. विमाने आली ती पुष्कळ उशिरा, आणि आली तरी बरीच वर्षे रात्रीला भिऊनच होती. आपल्या शेजारच्या जुहूला विमानतळ सुरू झाला १९२८ साली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाच्या थैल्या घेऊन तेथे उतरले, ही हकिकत सर्वांना ठाऊक आहे. पुढची मद्रासची मजल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी मारली, ती मात्र वाटेत बेल्लारीला रात्रीचा मुक्काम करून! टपालाचे विमान खरे, पण दिवस मावळला की टांग्याच्या घोड्यासारखे विसावणारे.

अंधार ओलांडला गेला तो स्वातंत्र्यानंतर, आणि तोही आपल्या नागपुरात. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीचे हवाई टपाल सुरू झाले. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री निघालेली विमाने नागपूरला एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि सकाळपर्यंत आपापल्या गावी परत पोचत. संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी हाती पडे ते त्यामुळे.

मोठ्या विमानांनी रात्र अशी जिंकली. खेळण्यातल्या विमानांची गोष्ट मात्र अगदी वेगळी आहे. कारण त्यांचा वैमानिक आत बसलेला नसतो. तो जमिनीवर उभा असतो. आत बसलेल्याला समोरचे घड्याळाचे काटे तरी सांगतात, विमान कलले की सरळ आहे. जमिनीवरच्याला डोळ्यांखेरीज काही नाही.

रेडिओच्या लहरींनी दुरून यंत्र हलवण्याची कल्पना मात्र फार जुनी. कलकत्त्याला आचार्य जगदीशचंद्र बसूंनी १८९५ च्या सुमारास मधल्या भिंती ओलांडून लहरींनी घंटा वाजवून दाखवली होती. १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये निकोला टेस्ला यांनी एका हौदात छोटीशी बोट सोडली आणि तारेवाचून ती वळवून दाखवली. गंमत अशी, की त्या बोटीवर दिवे होते आणि तेही दुरूनच लागत व विझत. म्हणजे रेडिओवर चालणाऱ्या खेळण्याला दिवा जन्मापासूनच चिकटलेला आहे! आपल्याकडे १९५० साली एन. सी. सी. ची हवाई शाखा मुंबई व कलकत्ता येथे सुरू झाली, आणि पुढे विमानांच्या प्रतिकृती करणे हा या शाखेतल्या मुलांच्या शिक्षणाचाच एक भाग झाला. हेलिकॉप्टर मात्र कोणाला साधत नव्हते. रेडिओवर खात्रीने उडणारे छोटे हेलिकॉप्टर पश्चिम जर्मनीत डीटर श्ल्यूटर यांनी १९७० च्या सुमारास सिद्ध केले, तेव्हा या छंदाची दारे उघडली.

आता या हेलिकॉप्टरची खोड ऐका. ते एका जागी तरंगते, मागे जाते, आडवे सरकते. नाक आपल्यापासून दूर असेल तोवर डावे ते डावे आणि उजवे ते उजवे. ते आपल्याकडे तोंड करून उभे राहिले, की सगळे आरशातल्यासारखे उलटे. नवशिक्याची यंत्रे पडतात ती बहुधा इथेच. दिवसाही जे इतके फसवते, ते रात्री काय करील? अंधारात एक काळा ठिपका घोंगावत असतो. तोंड कुठे, शेपूट कुठे, पोट खाली की वर, काहीच उमगत नाही. दोन निमिषे घोटाळा झाला, की महिन्यांची मेहनत मातीत.

म्हणून हौशी मंडळी त्याला दिवे जडवतात. तांबडा-हिरवा-पांढरा ही मोठ्या विमानांची त्रयी येथे पुरत नाही. तीन टिंबांवरून कलणे कळत नाही. आकृती दिसावी लागते. शेपटीच्या लांब दांड्यावर दिव्यांची पट्टी, खालच्या दोन्ही रुळांवर वेगळ्या रंगाची पट्टी, आणि पुढचे कवच अर्धपारदर्शक असेल तर आत एक दिवा, म्हणजे नाक कंदिलासारखे उजळते. पोटाचा रंग पाठीपेक्षा निराळाच हवा. उडवण्यापूर्वी एक परीक्षा घ्यावी. पंखा बंद ठेवून यंत्र दुसऱ्याच्या हाती द्यावे, अंधारात पन्नास पावले दूर जावे, त्याने ते हवे तसे फिरवावे आणि आपण नाक कुठे ते ओळखावे. एकदा जरी चुकले, तरी दिवे पुन्हा लावावेत.

सर्वांत अवघड म्हणजे फिरत्या पात्यांवरचे दिवे. ते लागले की हवेत प्रकाशाची एक थाळी उभी राहते आणि यंत्र किती कलले ते लगेच कळते. पण पाते साठ सेंटिमीटर लांब असून मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल, तर टोकाशी बसवलेला एक ग्रॅमचा दिवा अडीच किलोहून अधिक ओढीने बाहेर पळू पाहतो. डिंकाने डकवायचे हे काम नव्हे! दिवे पात्याच्या पोटातच गाडलेले असावे लागतात, आणि दोन्ही पाती वजनाला अगदी तुल्य; नाहीतर सारे यंत्र थरथरू लागते.

एके काळी हे सगळे अशक्यच होते. काचेचे बल्ब जड, आणि बॅटरी पिऊन टाकणारे. दृश्य तांबडा उजेड देणारा एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ साली केला. निळा मात्र १९९० नंतरच्या वर्षांत जपानी संशोधकांच्या हाती लागला. त्या निळ्यापासूनच पांढरा झाला, आणि या कामाला २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९९१ पासून लिथियमच्या हलक्या बॅटऱ्या बाजारात आल्या. आज तीन घरांची भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट देते. पांढऱ्या एलईडीला साधारण ३.२ लागतात. तीन दिवे एका माळेत ओवले आणि उरलेल्या तीन व्होल्टांसाठी दीडशे ओहमचा रेझिस्टर घातला, की काम झाले. आपल्या दिवाळीच्या माळेचेच गणित.

शेपटीवर दिवे वाढले की यंत्र मागे झुकते, म्हणून बॅटरी थोडी पुढे सरकवावी लागते. आणि दिवे फार प्रखरही नकोत. आपलेच डोळे दिपतात.

२९ जानेवारी २०२२ रोजी दिल्लीच्या विजय चौकात एक हजार ड्रोन रात्री एकदम उडाले. देखावा थाटाचाच होता. मात्र ते ड्रोन गणकयंत्राच्या हिशेबाने चालत. त्यांचे दिवे काढून घेतले असते तरी ते चुकले नसते. तिथे दिवा अलंकार होता. हौशी माणसाच्या हेलिकॉप्टरात दिवा विझला, की उडवणारा आंधळा होतो.

अर्थात वांद्र्याच्या आभाळात हे सहजासहजी करता येणार नाही. १ डिसेंबर २०१८ पासूनच्या नियमांत अशी यंत्रे दिवसाउजेडीच उडवण्याची अट होती. २०२१ साली ड्रोनचे नवे नियम आले, बरीच बंधने सैलावली. परंतु विमानतळाच्या कुशीतल्या उपनगराला परवानगीवाचून आभाळ मोकळे नाही. पोलिसांचे मनाई हुकूमही अधूनमधून निघतातच, आणि वरून माणसे भरलेली विमाने जात असताना ते रास्तही आहे. तेव्हा इथल्या हौशी माणसाने पाती उतरवून ठेवावीत, गच्चीवर दिवे लावून पाहावेत, आणि उडवण्यासाठी परवानगी असलेले दूरचे मोकळे माळरान गाठावे.