पझेशन

ब्रिटिश लेखिका ए. एस. बायट (१९३६–२०२३) यांची १९९० मध्ये प्रसिद्ध झालेली, प्रेमकथा व रहस्यशोध यांची सांगड घालणारी इंग्रजी कादंबरी. व्हिक्टोरियन काव्याच्या (पहा : ब्राउनिंग, रॉबर्ट; रोझेटी, क्रिस्तीना) अभ्यासातून तिची पार्श्वभूमी घडली. कादंबरीला ‘रोमान्स’ असे उपशीर्षक आहे.

कथानक : रोलंड मिचेल या संशोधकाला लंडन लायब्ररीत व्हीको या इटालियन तत्त्वज्ञाच्या ग्रंथाच्या जुन्या प्रतीत रँडॉल्फ हेन्‍री अ‍ॅश या कल्पित कवीच्या पत्रांचे कच्चे खर्डे सापडतात. मॉड बेली या अभ्यासिकेच्या साहाय्याने तो विवाहित अ‍ॅश व कवयित्री क्रिस्टाबेल लामोट यांच्या गुप्त प्रेमसंबंधाचा माग काढतो. यॉर्कशर व ब्रिटनी येथील शोधातून त्यांच्या कन्येचे अस्तित्व उघड होते आणि मॉड ही त्यांचीच वंशज ठरते.

वैशिष्ट्ये : एकोणिसावे व विसावे शतक अशा दोन काळांत कथन चालते. पत्रे, रोजनिशी, परीकथा व दीर्घ कविता यांचा त्यात अंतर्भाव असून कल्पित कवींच्या रचना बायट यांनीच लिहिल्या आहेत. हस्तलिखितांची मालकी, चरित्रलेखनाच्या मर्यादा आणि विद्यापीठीय समीक्षेतील स्पर्धा ही प्रमुख आशयसूत्रे होत.

महत्त्व : उत्तराधुनिक (पहा : उत्तराधुनिकतावाद) व नव-व्हिक्टोरियन कादंबरीच्या अभ्यासात तिचा वारंवार निर्देश होतो. तिला १९९० चे बुकर पारितोषिक मिळाले. तिच्यावर आधारित, नील लब्यूट दिग्दर्शित चित्रपट २००२ मध्ये प्रदर्शित झाला.