टाकीतली रिकामी जागा

1870 मध्ये मुंबई–अलाहाबाद लोहमार्ग पूर्ण झाला. खानदेशातलं रावेर त्याच मार्गावरचं. वाफेच्या इंजिनांना पाणी मिळे ते उंचावरच्या टाक्यांतून, आणि धास्ती एवढीच की टाकी आटू नये. पुढे मनमाडजवळ पानेवाडीला इंधनाच्या टाक्या उभ्या राहिल्या, तेव्हा हे गणित उलटं झालं. इथे द्रवापेक्षा त्याच्यावरची रिकामी जागा घातक, कारण तिथे वाफ आणि हवा एकत्र येतात. म्हणून पेट्रोलच्या मोठ्या टाकीचं छप्पर द्रवावरच तरंगतं ठेवतात. कायद्याच्या वर्गवारीत रॉकेल पेट्रोलपेक्षा निर्धोक समजलं जातं, पण त्याची वाफ पेटण्याची किमान तापमान-मर्यादा 35 अंश सेल्सिअस धरलेली. रावेरचा वैशाख ती सहज ओलांडतो. ही वर्गवारी खानदेशच्या उन्हाला विचारून झालेली नाही!

तरंगत्या छपराने प्रश्न मिटला, असं कुणी म्हणेल. 29 ऑक्टोबर 2009 रोजी जयपूरच्या सीतापुरा इंधन डेपोत मात्र गळती झाली ती टाकीच्या पायथ्याच्या व्हॉल्व्हपाशी. तासाहून अधिक वेळ पेट्रोलची वाफ पसरत राहिली, मग भडका उडाला. 11 जण दगावले. टाकीभोवतीचा बांध सांडलेलं तेल अडवतो, वाफ नाही. ती वेळीच हेरणारी यंत्रणा आणि दुरून बंद होणारा व्हॉल्व्ह छपराइतकेच गरजेचे.