शाळा परिसर आणि शस्त्र परवाना (भंडारा जिल्हा)

बंदूक, पिस्तूल यांची खरेदी, बाळगणे व ने-आण यांवर शैक्षणिक संस्थांच्या संदर्भात असलेली कायदेशीर बंधने. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ हे केंद्राचे कायदे भंडाऱ्याच्या सातही तालुक्यांना लागू आहेत. जिल्ह्यापुरते वेगळे नियम नाहीत. मात्र जंगल, धानशेती आणि गावागावांतल्या जिल्हा परिषद शाळा यांमुळे त्यांची अंमलबजावणी इथे स्वतःचे वळण घेते.

शाळेपासून अमुक इतके मीटर शस्त्र नको, असे अंतर शस्त्र कायद्यात सांगितलेले नाही. बंधन आहे ते परवान्याच्या शर्तींत. जिल्हादंडाधिकाऱ्यांची खास परवानगी नसेल, तर परवानाधारकाने जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक जमाव किंवा शैक्षणिक संस्थेचे आवार येथे शस्त्र नेऊ नये, अशी ही शर्त आहे. दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, भरणारी मंडईची जत्राही या शर्तीच्या कक्षेत येते. शर्त मोडल्यास कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय कलम १७ खाली परवाना रद्द होऊ शकतो. दंडाची रक्कम आज किरकोळ वाटते. परवानाधारकाला धाक असतो तो परवाना जाण्याचाच.

शाळेसमोरच्या रस्त्यावरून खोळीत घातलेली बंदूक घेऊन जाणे म्हणजे आवारात शिरणे नव्हे. अमेरिकेने १९९० मध्ये शाळेभोवती हजार फुटांचे शस्त्रमुक्त क्षेत्र आखले. १९९५ मध्ये लोपेझ खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला आणि पुढच्याच वर्षी संसदेने तो सुधारून पुन्हा आणला. तसे वर्तुळ लाखांदूर किंवा मोहाडी तालुक्यातल्या लहान गावात आखले, तर बहुतेक घरे आणि धानाच्या बांध्यांकडे जाणारी वाट त्यातच सापडेल. तेव्हा आवारापुरती बंदी इथे सोयीची आहे. तरीही एक विसंगती खटकते. तंबाखूविक्रीसाठी २००३ च्या कायद्याने शाळेभोवती शंभर यार्डांची मर्यादा घातली, आणि वन्यप्राण्यांसाठी दुसऱ्या कायद्याने तर दहा किलोमीटरची; शाळेभोवती बंदुकीला मात्र अशी मर्यादा नाही.

ही दहा किलोमीटरची तरतूद वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३४ मध्ये आहे. अभयारण्यात किंवा त्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपले नाव वन्यजीव खात्याकडे नोंदवायचे असते, आणि त्या पट्ट्यात मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय नवा परवाना देता येत नाही. कोका अभयारण्य, पवनीकडचे उमरेड-कऱ्हांडला आणि साकोलीच्या बाजूचे नागझिरा यांमुळे जिल्ह्याचा मोठा भाग या अटीखाली येतो. त्यामुळे इथल्या शेतकऱ्याच्या अर्जावर शाळेचा विचार क्वचित होतो, जंगलाचा हमखास.

खरेदीची वाट अशी : जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, पोलीस ठाण्याचा अहवाल, शस्त्र घरी सुरक्षित ठेवण्याचे हमीपत्र, मग परवाना. वय किमान २१. रानडुकरांपासून पिकाचे रक्षण करायचे असेल, तर तोंडाकडून ठासायची भरमार बंदूक कायद्याला मान्य आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडे जास्तीत जास्त दोनच शस्त्रे ठेवता येतात (पूर्वी तीन) आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. परवान्यावर वैधतेचे क्षेत्र लिहिलेले असते. तुमसरच्या उत्तरेला बालाघाट जिल्हा, म्हणजे मध्य प्रदेश लागतो, तेव्हा नातेवाइकांकडे जाताना बंदूक बरोबर घेणाऱ्याने तो रकाना आधी वाचावा. देशी कट्ट्याला यातले काहीच लागू नाही. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्यास दोन ते पाच वर्षे कैद आणि दंड होतो, मग शाळा जवळ असो वा नसो.

शाळेच्या आसपासही शस्त्रबंदी लागू होते ती मतदानाच्या दिवशी. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १३४-ब नुसार मतदान केंद्राच्या परिसरात सशस्त्र फिरणे हा गुन्हा आहे, आणि खेड्यातले मतदान केंद्र बहुधा जिल्हा परिषदेची शाळाच असते. आचारसंहिता लागली की छाननी समिती ठरवील त्या परवानाधारकांना शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली आणि मतदान २० नोव्हेंबरला झाले. हे दिवस धान पिकण्या-कापण्याचे; म्हणजे ज्याची बंदूक ठाण्यात, त्याने रानडुकरांना डबे वाजवूनच हाकलायचे.

शाळेतल्या राष्ट्रीय छात्रसेनेच्या प्रशिक्षणाला परवान्याची अट नाही; शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ ने तिच्या सदस्यांना सूट दिली आहे.

छऱ्याच्या बंदुकीची, म्हणजे एअरगनची गोष्ट निराळी. नळीचा व्यास ०.१७७ इंचापर्यंत आणि छऱ्याची ऊर्जा २० जूलपर्यंत असेल, तर तिला परवाना लागत नाही. जिथे परवानाच नाही तिथे त्याच्या शर्तीही नाहीत, त्यामुळे पोराने अशी बंदूक दप्तरातून वर्गात आणली, तर शाळेच्या आवाराची शर्त तिला लागू पडत नाही. तो प्रश्न आधी मुख्याध्यापकांच्या टेबलावर जातो.