बस्ता बांधायला जातो ते गांधीनगर

रविवारी पाऊस धो धो, म्हणून भाचीबरोबर घरीच 'द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज' (२००८) बघितला. नाझी अधिकाऱ्याचा मुलगा ब्रूनो आणि छावणीच्या तारेपलीकडचा ज्यू मुलगा श्मूएल यांची दोस्ती. शेवट बघून पोरगी रडली आणि विचारलंन, "मामा, मोठी माणसं काय करत होती?"

प्रश्न रास्त होता. सिनेमातली गोष्ट कल्पित आहे. हा इतिहास शिकणाऱ्यांनी मूळ कादंबरी टाळावी, असं ऑशविट्झच्या स्मारक-संग्रहालयानेच २०२० मध्ये सांगितलं. तिथे श्मूएलच्या वयाची बहुतेक मुलं पोचल्याबरोबर मारली जात. तारेपाशी गप्पा मारायला उरणार कोण?

लुई माल या फ्रेंच दिग्दर्शकाचा १९८७ चा सिनेमा मात्र त्याच्या लहानपणच्या आठवणीवर आहे. जानेवारी १९४४ मध्ये त्याच्या शाळेत लपवलेली तीन ज्यू मुलं गेस्टापोने पकडून नेली. त्यांना आसरा देणाऱ्या मुख्याध्यापक पाद्रींनाही नेलं. मुलं परत आली नाहीत. वर्गमित्र नुसते बघत राहिले. लहान मुलं आणखी काय करणार?

मुलांची मैत्री कुणाला वाचवत नाही. दार मोठ्यांनीच उघडावं लागतं. ते उघडलं गेलं अशी एक जागा आपल्या आंबा घाटापलीकडे आहे.

१९३९ मध्ये हिटलर आणि स्टॅलिनने पोलंड वाटून घेतला. स्टॅलिनने तिथली लाखो माणसं सैबेरिया, कझाकस्तानात हाकलली. त्यातून सुटलेले काही जण इराणमार्गे भारतात आले. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला सुमारे हजार मुलं ठेवून घेतली. कोल्हापूर संस्थानात वळिवडे इथे १९४३ ते १९४८ सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बायका आणि मुलंच जास्त. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता. एक पोलिश मुलगी तर कोल्हापूरची सून होऊन इथेच राहिली.

फाळणीनंतर त्याच जागेवर सिंधी निर्वासित वसले. तेच आजचं गांधीनगर, जिथे आपण रत्नागिरीकर लग्नाचा बस्ता बांधायला जातो.

ती मुलं म्हातारपणीही कोल्हापूरला येत राहिली. कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आज वॉर्सात उभं आहे.

भाचीला हे सांगितलं, तर म्हणते, "मग आपण तिकडे नुसते कपडेच का घेतो?"

पुढच्या खेपेला तिला वळिवडे दाखवणार आहे. तुम्हीही जाल तेव्हा पोरांना सांगा.