कोतवाली, नगरपालिका आणि रहिवाशाची तक्रार

'कोतवाल' म्हटले की मराठी वाचकाला घाशीराम आठवतो. मोरोबा कान्होबा विजयकरांनी १८६३ साली त्याच्यावर पुस्तक लिहिले. विजय तेंडुलकरांचे नाटक १९७२ साली रंगभूमीवर आले. परिणामी कोतवाली म्हणजे जुलूम हे समीकरण आपल्या मनात इतके पक्के बसले आहे की कोतवाल रोज नेमके काय करीत असे, हा साधा प्रश्न आपल्याला पडतच नाही.

पेशवेकालीन पुण्याच्या कोतवालाकडे सोपविलेल्या कामांची यादी पाहिली तर चोर पकडणे हा तिचा केवळ एक भाग होता, हे ध्यानात येते. बाजारभाव ठरविणे, जागांच्या खरेदी-विक्रीची नोंद ठेवणे, शहरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची गणती करणे, सरकारी कामाला मजूर पुरविणे आणि रस्ते, गल्ल्या व घरे यांवरून होणारे तंटे तोडणे ही सगळी कामे त्याचीच. शेजाऱ्याने ओटा पुढे ओढून गल्ली अडविली, तर दाद मागायची ती कोतवालीत. रात्री घर फुटले तरी तिथेच. रस्ता आणि पहारा या दोन वेगळ्या बाबी आहेत, असे त्या व्यवस्थेला वाटत नव्हते. रहिवाशाच्या दृष्टीने त्या वेगळ्या नसतातही. अंधारी, उखणलेली गल्ली हीच चोराच्या सोयीची गल्ली असते.

मात्र या सोयीची किंमत होती. ज्याच्याकडे सर्व गाऱ्हाणी न्यायची, त्याच्याविरुद्धचे गाऱ्हाणे कोठे न्यायचे? कोतवाल वरून नेमलेला. रहिवाशांना तो कोणत्याही अर्थाने बांधील नव्हता. ऑगस्ट १७९१ मध्ये दक्षिणेसाठी आलेले तेलंगी ब्राह्मण घाशीरामाच्या माणसांनी कोंडून ठेवले आणि त्यांतील कित्येक गुदमरून मेले. संतप्त जमाव नाना फडणीसांच्या दारी गेला. अखेर घाशीराम त्याच्या हवाली झाला आणि दगडांनी ठेचून मारला गेला. आपण या घटनेकडे सूड म्हणून पाहतो. तिच्याकडे प्रशासनाच्या इतिहासातील एक पुरावा म्हणूनही पाहायला हवे. तक्रारीला नियमित वाट नसली म्हणजे ती दगड होऊन येते.

या घटनेनंतर दोनच वर्षांनी, १७९३ च्या सनदी कायद्याने मुंबई, मद्रास व कलकत्ता या इलाखा-शहरांतील 'जस्टिस ऑफ द पीस' मंडळींना रस्त्यांची झाडलोट, पहारा आणि दुरुस्ती यांसाठी घरांवर पट्टी बसविण्याचा अधिकार दिला. येथेही रस्ता व पहारा एकत्रच आहेत. पण एक नवी गोष्ट शिरली आहे, ती म्हणजे घरपट्टी. पुढे १८५० च्या सव्विसाव्या कायद्याने रहिवाशांची इच्छा असेल त्या गावी नगरसमिती स्थापन करण्याची तरतूद केली. मुंबई इलाख्यात तिचा बराच उपयोग झाला. पैसे भरणारा माणूस विनवणी करीत नाही, हिशेब मागतो. गाऱ्हाण्याचे हक्कात रूपांतर होण्याची सुरुवात या पट्टीत आहे.

१८८२ च्या स्थानिक स्वराज्यविषयक धोरणात लॉर्ड रिपनच्या सरकारने पोलिसांचा खर्च नगरपालिकांच्या माथ्यावरून उतरवून तो पैसा शिक्षण, दवाखाने व इतर स्थानिक कामांकडे वळविण्याची दिशा दिली. हेतू स्तुत्य होता. पण पोलिसांच्या खर्चाचा भार गेला, तसा त्यांना जाब विचारण्याचा उरलासुरला आधारही गेला. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात रस्त्यांची बांधणी व देखभाल हे महापालिकेचे अनिवार्य कर्तव्य ठरले; पोलीस मात्र सरकारचे राहिले. कोतवालीचे एक दार जाऊन दोन दारे झाली, आणि ही दोन दारे एकमेकांकडे बोट दाखवू लागली.

ही फाळणी सांधण्याचा एक लक्षणीय प्रयत्न भिवंडीत झाला. १९७० व १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या या यंत्रमागांच्या गावी १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू व मुसलमान रहिवासी आणि त्या भागातला पोलीस यांनी नियमित एकत्र बसायचे, अशी ही योजना. डिसेंबर १९९२ नंतर मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. याचे सारे श्रेय एकाच योजनेला द्यावे का, यावर मतभेद संभवतात. पण शांततेच्या काळात जो पोलीस आपल्या गल्लीत बसून किरकोळ कुरबुरी ऐकतो, त्याच्यावरच संकटात विश्वास बसतो, हे सूत्र नाकारता येणार नाही. मुंबईतही १९९४ पासून मोहल्ला समित्यांचे काम सुरू झाले. अशा बैठकींत नळ, गटार, रस्त्यावरचा दिवा हेही निघणारच. माणसाला आपले जगणे खात्यांत वाटून सांगता येत नाही.

तथापि अशा समित्या एखाद्या अधिकाऱ्याच्या तळमळीवर उभ्या असतात. त्याची बदली झाली की काय, हा प्रश्न उरतोच. निवडून आलेल्या संस्थेचे महत्त्व येथे आहे. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि पुढे जवळपास चार वर्षे तिचा कारभार प्रशासकाकडे होता. खड्ड्यांच्या तक्रारी तेव्हाही नोंदवल्या जात. पण त्या घेऊन सभागृहात उभा राहणारा नगरसेवकच नव्हता. वरून नेमलेल्या माणसाकडे दाद मागण्याची ही रीत पेशवाईतल्या पुणेकराला अपरिचित वाटली नसती.

'फिर्याद' हा शब्द फारसीतला. त्याच्या मुळाशी आक्रोश आहे. 'तक्रार' अरबीतून आला. त्याचा मूळ अर्थ पुनरावृत्ती, पुन्हा पुन्हा सांगणे. आक्रोशाची वेळ येऊ नये म्हणून पुन्हा पुन्हा सांगण्याची सोय असावी लागते, आणि ऐकणारा बदलण्याचा अधिकार सांगणाऱ्याच्या हाती असावा लागतो. शहरांच्या कारभाराचा आपला इतिहास वाचताना घाशीरामाच्या क्रौर्याइतकीच ही सोय कधी मिळाली आणि कधी हिरावली गेली, याचीही नोंद ठेवली पाहिजे.