कीर्तनकाराच्या मुलाची चाल

कीर्तनाला पेटीची साथ करणाऱ्याने बुवांच्या गळ्यापेक्षा त्यांच्या डोळ्यांकडे जास्त बघावं, असं मला लहानपणीच शिकवलं गेलं. बुवा गोष्ट सांगत असतात. द्रौपदी सभेत उभी आहे, तिने कृष्णाला हाक मारलीय, आणि तेवढ्यात पद सुरू होतं. ते किती वेळ चालायचं हे राग ठरवत नाही, बुवांची तयारीही ठरवत नाही. द्रौपदीची हाक पोचली की पद संपलं. त्यानंतर एक तान जरी जास्त झाली, तरी समोर बसलेली म्हातारी माणसं चुळबुळायला लागतात. आमच्या नार्व्यात आणि आसपासच्या गावांत साथ करत माझं आयुष्य गेलं. पंडित जितेंद्र अभिषेकींच्या चाली वाजवताना मला हाच हिशेब सतत जाणवत आला आहे. ते मोठे गायक होते, हे सगळे जाणतात. संगीतकार म्हणून त्यांनी मराठी रंगभूमीला जे दिलं, त्याचं मूळ मात्र मला गोव्याच्या देवळातल्या कीर्तनात दिसतं.

त्यासाठी आधी देवळांचा इतिहास थोडा सांगायला हवा. आमचा सप्तकोटेश्वर मूळचा इथला नव्हे. नदीपलीकडे दिवाडी बेटावर जे नार्वे आहे, तिथला तो देव. गोव्याचे कदंब राजे आपल्या नाण्यांवर त्याचं नाव घालत. बहमनी स्वारीत ते देऊळ पडलं, विजयनगरच्या माधव मंत्र्याने पुन्हा उभं केलं आणि 1540 च्या सुमारास पोर्तुगीजांनी ते पाडलं. लिंग विहिरीच्या बांधकामात लावलं गेलं होतं आणि नारायण शेणवी सूर्यराव यांनी ते काढून अलीकडे डिचोली महालात आणलं, असं आमच्याकडे सांगतात. देवाबरोबर गावाचं नावही नदी ओलांडून आलं. पुढे 1668 च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांच्या आज्ञेने देवळाचा जीर्णोद्धार झाला. दारावरच्या शिलालेखात त्याची नोंद आहे. गोकुळाष्टमीला आजही लोक इथे नदीत स्नानाला येतात.

मंगेशाची कथा अशीच. तो साष्टीतल्या कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा. 1560 मध्ये भाविकांनी त्याला जुवारी ओलांडून प्रियोळला नेलं. फोंडा, डिचोली, पेडणे हे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांच्या हाती गेले, तोवर तिथली देवळं नांदती राहिली आणि नंतरही मोडली नाहीत. म्हणून या पट्ट्यात देवाची नित्यसेवा अखंड चालू राहिली: पहाटेचा चौघडा, सूर आणि समेळ वाजवणारे वाजंत्री, पालखीपुढचं गाणं, भजनी सप्ताह, जत्रेतला दहीकाला. ही सेवा ज्यांच्या शिरावर होती, त्या कलावंत घराण्यांतल्या बायकांनी पुढे हिंदुस्थानी संगीत गाजवलं. पेडण्यातल्या मालपें गावच्या अंजनीबाई मालपेकर, केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई या सगळ्या याच सेवेच्या परंपरेतून आल्या. देवळाने त्यांना सूर दिला आणि समाजाने त्याची पुरती किंमत कधी केली नाही, हेही इथेच लिहून ठेवलं पाहिजे.

21 सप्टेंबर 1929 रोजी मंगेशीला जितेंद्र अभिषेकींचा जन्म झाला. घराण्याचं मूळ आडनाव नवाथे. मंगेशावर अभिषेक करण्याचा मान घराकडे होता, त्यावरून अभिषेकी हे नाव पडलं. वडील बाळूबुवा पुजारी होते आणि कीर्तनकारही. मुलाचं पहिलं शिक्षण त्यांच्याकडेच झालं. पुढे गिरिजाबाई केळेकर, मग आग्रा घराण्याचे अजमत हुसेन खाँ आणि गुणीदास ऊर्फ जगन्नाथबुवा पुरोहित असे गुरू लाभले. संस्कृत घेऊन ते पदवीधर झाले. मुंबई आकाशवाणीवर नोकरी केली आणि तिथे कार्यक्रमांसाठी गाण्यांना चाली लावायचं काम त्यांच्या हाती आलं. रेडिओवर वेळ मोजलेली असते. गाणं ठरलेल्या मिनिटांत उभं राहून संपलं पाहिजे. कीर्तनाच्या मुशीतून आलेल्या माणसाला ही शिस्त परकी वाटली नसणार.

आता रंगभूमीकडे वळू. 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' उभं केलं, त्यात दोनशेच्या वर पदं होती. 1911 च्या 'मानापमाना'त गोविंदराव टेंब्यांच्या चाली आल्या, 1916 च्या 'स्वयंवरा'त भास्करबुवा बखल्यांच्या. त्या चालींचं मोठेपण मी रोज अनुभवतो. पण त्यांच्याबरोबर एक सवयही आली. नट पद म्हणायला उभा राहिला की नाटक थांबायचं आणि मैफल सुरू व्हायची. वन्समोअर पडत जायचे, रात्र सरायची, समोरची नायिका ताटकळत उभी राहायची. 1930 नंतर बोलपट आले, कंपन्या बुडाल्या. पन्नासच्या दशकापर्यंत संगीत नाटक संपलं, असं म्हणणारेच जास्त होते.

अशा वेळी 1964 मध्ये मुंबईच्या धि गोवा हिंदु असोसिएशनने वसंत कानेटकरांचं 'मत्स्यगंधा' रंगमंचावर आणलं. गोवा मुक्त होऊन तीन वर्षंही झाली नव्हती. संस्था गोवेकरांची, संगीतकार मंगेशीचा, गाणारे रामदास कामत आणि आशालता हेही गोमंतकीय. त्यातली पदं मोजकी आहेत आणि छोटी आहेत. बहुतेक पदं पाच-सात मिनिटांत आटोपतात. मुखडा पहिल्याच ओळीत पात्राची मनःस्थिती सांगतो, अंतरा ती एक पायरी पुढे नेतो आणि पद थांबतं तेव्हा गोष्ट जिथे होती तिथे राहिलेली नसते. पेटीवर ही पदं वाजवताना जागोजागी तान घ्यायचा मोह होतो, कारण राग भरपूर वाव देतो. पण चालीतच अशी बांधणी आहे, की जास्तीची तान घेतली तर ओळीचा अर्थ सुटतो. गाणाऱ्याला आवर घालणारी चाल बांधणं फार अवघड असतं. अभिषेकींनी ते केलं आणि तरी शास्त्रीय संगीताचा अंश कुठे कमी होऊ दिला नाही.

त्यांच्या हातोटीचं सगळ्यात बोलकं उदाहरण 1967 च्या 'कट्यार काळजात घुसली'मध्ये आहे. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या या नाटकात दोन घराण्यांची लढत आहे: एकीकडे पंडित भानुशंकर, दुसरीकडे वसंतराव देशपांड्यांनी अजरामर केलेले खाँसाहेब. 'घेई छंद मकरंद' हे एकच पद दोघांच्या वाट्याला येतं. अभिषेकींनी त्याला दोन चाली लावल्या, एक धानी रागात आणि एक सालगवराळीत. दोन्ही पेटीवर वाजवून पाहा. धानीचे सूर पाच: सा, कोमल गंधार, मध्यम, पंचम, कोमल निषाद. रिषभ नाही, धैवत नाही. हात मध्यमावर विसावतो, तिथून पंचमाकडे अलगद जातो, ऐकणारा लगेच गुणगुणायला लागतो. सालगवराळीत कोमल रिषभ आणि शुद्ध धैवत येतात आणि मध्यम गायब होतो. विसाव्याची जागाच काढून घेतलेली. कोमल गंधारावरून थेट पंचमावर झेप घ्यावी लागते आणि प्रत्येक झेपेला गळ्याची परीक्षा होते. शब्द तेच, अर्थ तोच, पण दोन माणसांचे स्वभाव, दोन तालमी, दोन अहंकार आपल्यासमोर उभे राहतात. नाटकाचा सगळा झगडा संगीतकाराने एका मध्यमाच्या असण्या-नसण्यात दाखवला. सालगवराळी तोवर फार थोड्यांना ठाऊक होता. आज मराठी घराघरांत तो ओळखीचा आहे, तो या पदामुळे.

आणि हाच माणूस कानेटकरांच्या 'लेकुरे उदंड जाली'ला चाली लावतो, तेव्हा नवरा-बायकोच्या रोजच्या बोलण्याचा ठेका उचलतो. तिथे रागदारीचा थाट नाही, पात्र बोलता बोलता गायला लागतं. शिरवाडकरांच्या 'ययाति आणि देवयानी'त पुन्हा भारदस्त चाली येतात, कारण तिथली भाषाच तशी आहे. प्रत्येक नाटकाचा आवाज वेगळा, कारण प्रत्येक गोष्ट वेगळी. कीर्तनकार पूर्वरंगात अभंग घेतो, उत्तररंगात आख्यानाच्या गरजेप्रमाणे साकी, दिंडी, ओवी, कटाव यांतलं जे चालेल ते घेतो. एकाच बैठकीत इतके घाट बदलायची सवय ज्या घरात रोज दिसली, त्या घरच्या मुलाला नाटकागणिक घाट बदलणं जड जाणार नव्हतं. मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही.

शिष्यांच्या बाबतीत त्यांनी हात आखडला नाही. घरी ठेवून शिकवलं, गुरुकुलासारखं. प्रभाकर कारेकर, आशा खाडिलकर, अजित कडकडे, देवकी पंडित, राजा काळे, मुलगा शौनक अशी पुढची फळी त्यांच्याकडून तयार झाली. 1988 मध्ये पद्मश्री, पुढच्या वर्षी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. 7 नोव्हेंबर 1998 रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

आमच्या तालुक्यात आज गाणं शिकणारी मुलं पुष्कळ आहेत, याचा मला फार आनंद आहे. परीक्षा होतात, प्रमाणपत्रं मिळतात, आलाप-ताना स्वच्छ येतात. पण कीर्तनाला बसणारी मुलं कमी होत चालली आहेत आणि ती मला जास्त हवी आहेत. राग वर्गात शिकता येतो. गोष्ट कुठे पोचली आहे, समोरच्याच्या मनात काय चाललंय आणि आपलं गाणं आता थांबलं पाहिजे, हे मात्र देवळाच्या चौकात, गोष्ट ऐकायला आलेल्या माणसांसमोरच कळतं. माझ्याकडे पेटी शिकायला येणाऱ्या मुलांना म्हणूनच मी आधी कीर्तनाला साथीला बसवतो, अलंकार पलटे नंतर. आमच्या देवस्थानांनी वर्षाच्या उत्सवांत स्थानिक कीर्तनकारांना मानाने बोलवावं आणि त्यांच्या मागे गावच्या मुलांना झांज, पखवाज, पेटी घेऊन बसू द्यावं. गोव्याला अभिषेकींच्या तोडीचा संगीतकार पुन्हा हवा असेल, तर त्याची पहिली तालीम तिथेच व्हायला हवी.