दूरच्या माणसांशी जवळीक : पोस्टकार्ड ते व्हिडिओ कॉल

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. आदिलाबाद आंध्र प्रदेशात आले आणि २०१४ पासून आपण तेलंगणात आहोत. सीमा बदलल्या तरी आपल्या समाजाची सोयरीक नांदेड, यवतमाळ, चंद्रपूरकडे राहिली. पुढे मुले नोकरीसाठी आणखी लांब गेली. ही नाती ज्या साधनांनी जपली, त्यांची ही थोडक्यात माहिती.

पत्र
भारतात पोस्टकार्ड १८७९ मध्ये आले, आंतर्देशीय पत्र १९५० मध्ये. कार्ड उघडे असल्याने ते वाटेत कोणीही वाचू शके. म्हणून सासरी गेलेली लेक मनातले आंतर्देशीय पत्रात लिही. मायना ठरलेला असे, पण खरी गोष्ट बहुधा 'ता. क.' मध्ये सापडे. निधनाच्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे; वाचण्याआधीच घर समजून जाई.

मनिऑर्डर
पोस्टाची ही सेवा १८८० ची. फॉर्मच्या खालच्या कुपनावर चार ओळींची जागा असे. बँकेच्या ड्राफ्टवर तशी जागा नव्हती, हे आम्ही नोकरीत रोज पाहिले. कुपनावरचे 'तब्येत सांभाळा' पैसे खर्च झाल्यावरही घरात राही. जुन्या पद्धतीची मनिऑर्डर २०१५ मध्ये बंद झाली.

तार
तारेला शब्दामागे पैसे पडत. शुभेच्छांसाठी तयार वाक्ये होती. त्यांचा फक्त क्रमांक सांगायचा. सोय झाली, पण सगळ्यांना शुभेच्छा एकसारख्याच मिळत. १५ जुलै २०१३ पासून तार बंद झाली.

फोन
ट्रंक कॉल बुक करून वाट पाहावी लागे. एसटीडी आल्यावर रात्री दर उतरत, म्हणून जेवण उरकून लोक बूथवर रांग लावत. मोबाईल आला तेव्हा आदिलाबाद आंध्र मंडळात आणि किनवट महाराष्ट्र मंडळात. शेजारच्या गावी गेले तरी रोमिंग लागे. बीएसएनएलने १५ जून २०१५ पासून रोमिंगमध्ये येणारे कॉल मोफत केले. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल नोव्हेंबर २०१६ मध्ये सुरू झाला.

आज काय करावे
आता खर्च नाही, अंतर जाणवत नाही. तरी सकाळी येणारे फुलांचे तयार चित्र तारेतल्या क्रमांकासारखेच वाटते. जवळीक येते ती आपल्या शब्दांनी. सभासदांना आमच्या चार सूचना :

१. यूपीआयने पैसे पाठवताना टिपणीची जागा रिकामी सोडू नका. 'औषधासाठी' ऐवजी 'आंब्यांसाठी, एकट्याने खाऊ नका' लिहा.
२. आठवड्यातला एक वार आणि वेळ ठरवा. वाट पाहण्यातही आधार असतो.
३. आपली बरीच नातवंडे तेलुगू किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. त्यांना देवनागरी वाचता येत नसेल, तर आजीचे बोलणे हाच त्यांचा मराठीचा वर्ग. 'जेवलास का?' एवढ्यावर फोन थांबवू नका. एखादी गोष्ट, एखादी म्हण सांगा.
४. ज्येष्ठांचे आवाजी निरोप वेगळे साठवून ठेवा. पत्र पेटीत राही. आवाज मात्र फोन बदलला की हरवतो.